मालवणच्या त्या दादांचे आणि काकूंचे आभार

आम्ही सेकंडहँड घेतलेल्या मोटरहोममधला टीव्ही आणि स्टिरिओ दोन्ही बंद होते. सगळं नवं बसवा, असंच जो तो सांगायचा. मालवणात एका वायरिंगवाल्या दादांनी मात्र आधी अर्थिंग, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी (चासीशी) असलेली तारेची जोडणी, तपासलं. खाऱ्या वाऱ्यानं तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढला होता. त्यांनी चासीवरची जागा चकाकेपर्यंत घासली, तारेच्या टोकाला नवा लग (धातूची कडी) दाबून बसवला, वर ग्रीस लावलं. टीव्ही लगेच लागला!

स्टिरिओची पिवळी तार कायम १२ व्होल्टवर असावी लागते, म्हणजे सेटिंग पुसली जात नाही. लाल तार चालू-बंद करण्यासाठी. दादांनी दोन्ही तारा इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीऐवजी मागच्या, राहण्याच्या भागाच्या वेगळ्या बॅटरीवर घेतल्या, बॅटरीजवळच फ्यूज दिला आणि लाल तारेला वेगळा स्विच. आता मुक्कामी कितीही गाणी ऐकली तरी सकाळी गाडी सुरू होतेच. हे त्यांनी आमच्या मुलीलाही शांतपणे समजावलं, याचं मला फार मोल वाटतं.

शेजारच्या काकूंनी चार्जरसाठी वीज दिली, वर सोलकढीही. नाव विचारलं तर दोघंही नुसते हसले.

दादा, काकू, मनापासून आभार. परतीच्या वाटेवर आईनं दशावताराचं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं.