काळा रंग, अर्धा अंधार आणि दुधाचे गॅलन

प्रिय मीनू,

हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या इथल्या भुताखेतांच्या सणाला, घर कसं सजवायचं हे विचारणारा तुझा तो सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा हसण्याच्या नादात अर्धा निसटला, म्हणून परत. "सांगाडा घरात आणायचा आणि वर त्याचे पैसेही आपणच मोजायचे?" हे तू ज्या सुरात म्हणालीस ना, डोळे मिटले असते तर काकूच बोलताहेत असं वाटलं असतं. फोनवर सांगायला घेतलं तर तू मध्ये मध्ये प्रश्न विचारशील आणि मी भरकटेन. म्हणून सरळ लिहायलाच बसले. चहा करून घे, लांबणार आहे.

तुझ्या ओवीच्या शाळेतल्या सगळ्यांची घरं सजतात आणि तुमचंच कोरं, हे तिला खुपतंय, ते मला कळतं. अमेरिकेतल्या पहिल्या ऑक्टोबरात आमच्याकडेही हेच झालं होतं. पण त्या मोठ्या दुकानातल्या हॅलोविनच्या रांगेत परत जाऊ नकोस. तिथला माल दुकानाच्या पांढऱ्याफटक उजेडात भीतिदायक दिसावा म्हणून केलेला असतो, कारण तो तिथेच खपवायचा असतो. तुझी सजावट बघायला येणार ३१ तारखेला दिवेलागणीला, रस्त्यावरून, वीस-पंचवीस फुटांवरून, घरोघर चॉकलेटं मागत धावणारी पोरं. तेवढ्या अंतरावरून आणि तसल्या उजेडात फक्त दोन गोष्टी कळतात, वस्तूचा आकार आणि उजेड कुठून येतोय ते. बाकी रंग, नक्षी, किंमत, काही काही दिसत नाही. हे लक्षात यायला मला दोन वर्षं आणि बरेच डॉलर लागले.

तर थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे लोकांनी देऊन टाकलेल्या जुन्या वस्तूंच्या स्वस्त दुकानात जा. गेल्यावर आधी हॅलोविनच्या शेल्फकडे पाठ फिरव. तिथे बहुतेक मागच्या वर्षीचंच प्लास्टिक असतं. काचेची भांडी, फोटोफ्रेमा, मेणबत्तीचे स्टँड, पडदे-चादरी यांच्याकडे वळ. आणि डोळे किलकिले करून बघ. खरंच सांगतेय. बारीक डोळ्यांनी बघितलं की गुलाबी फुलांची ती भयाण फुलदाणी नाहीशी होते आणि उरते नुसती लांब मानेची सुरई. मला गेल्या वर्षी सोनेरी गुलाबांनी लडबडलेली एक फ्रेम मिळाली, आत सूर्यास्ताचं चित्र. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. आता ती आमच्या दाराशी असते, काळीठिक्कर, आणि येणारा प्रत्येक जण कुठून घेतली म्हणून विचारतो. बऱ्याच थ्रिफ्ट स्टोअरमध्ये दर आठवड्याला एका रंगाच्या चिठ्ठीवर सूट असते; आत शिरतानाच तो रंग विचारून घे. आपली बोहारीण आठवते ना? जुनी साडी घेऊन पातेलं देणारी? तिच्याशी घासाघीस करताना आया ज्या नजरेने पातेलं उलटंपालटं करून बघायच्या, तीच नजर इथे लागते.

स्टँड घेताना कमी-जास्त उंचीचे घे, जोडीचे नकोत. पितळी दिसले तर त्यांना लोहचुंबक लावून बघ. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा, बिनधास्त रंगव. चिकटला नाही आणि हाताला जड लागला, तर घरी आणून कोपऱ्यात चिंचेने घासून बघ. खरं पितळ निघालं तर काळा रंग फासायचं पाप करू नकोस. माझ्या देवघरातला एक असाच मिळालेला आहे.

आणलेल्या सगळ्याला एकच रंग द्यायचा, मॅट काळा. स्प्रे पेंटचा एक डबा पुरतो. चकचकीत काळा घेऊ नकोस. त्यावर दिव्याची तिरीप पडली की वस्तूचा स्वस्तपणा लगेच उघडा पडतो. मॅट रंग उजेड गिळतो आणि नुसती कड उरते, आपल्याला कडच हवी असते. रंगवायचं ते बाहेर, खाली पुठ्ठा अंथरून, कोरड्या दिवशी. आणि आधी भांडी साबणाने धुऊन खडखडीत वाळव. मी पहिल्या वर्षी घाईत न धुता काचेवर रंग मारला होता. दुसऱ्या दिवशी नखाने सहज टोकरलं तर अख्खा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघून हातात. काचेला दगडी, खरबरीत रूप द्यायचं असेल तर साध्या ॲक्रिलिक रंगात बेकिंग सोडा कालव, इडलीच्या पिठाइतकं दाट होईपर्यंत, आणि फराफरा ब्रश मार. गुळगुळीत मारलंस तर फसलंच म्हणून समज.

आता मेणबत्त्या. हा माझा सगळ्यात लाडका उद्योग, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टॉयलेट पेपरच्या आणि पेपर टॉवेलच्या नळ्या आजपासून फेकायच्या बंद कर. त्या वेगवेगळ्या उंचीच्या काप, वरची कड थोडी वाकडीतिकडी. ग्लू गन चांगली तापू दे. घाई केलीस तर गोंद गाठीगाठींनी येतो. मग नळी उभी धरून वरच्या कडेवर गोंद सोड आणि थांब. तो आपल्या वजनाने खाली ओघळतो, मध्येच जाड होतो, अडतो, तसाच थिजतो. त्याच ओघळावर दुसरा सोडलास तर तो पहिल्याला वळसा घालून वेगळी वाट काढतो. अगदी खऱ्या मेणासारखं. एकेक नळी फिरवत पाच-सहा ओघळ पुरेत; सगळीकडून ओतलास तर मेणबत्ती न दिसता आईस्क्रीम दिसतं. वाळल्यावर नळी आणि गोंद दोन्हींवर एकच मळकट पांढरा रंग दे. इथेच जादू होते. तोवर पुठ्ठा वेगळा आणि गोंद वेगळा दिसत असतो, रंग चढला की दोन्ही मिळून मेण होतं. आत चुरगळलेला कागद कोंबून, वर इंचभर जागा ठेवून बॅटरीची पणती बसव आणि त्या काळ्या स्टँडवर उभी कर. गरम गोंदाचा थेंब बोटावर पडला तर ओढून काढू नकोस, कातडी येते. तडक गार पाण्याखाली हात धर. कसं माहीत, ते विचारू नकोस.

या कागदी नळ्यांत खरी ज्योत कधीच नाही, हे तुला सांगायला नकोच. पण बॅटरीच्या पणत्यांचंही एक बघ. त्यात बहुतेक वेळा बटणासारखा चपटा सेल असतो, आणि लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका भाजून निघते, तेही तासा-दोन तासांत. ओवीचा धाकटा भाऊ सगळं तोंडात घालायच्या वयाचा आहे. तेव्हा ज्यांचं झाकण स्क्रूने बंद होतं अशाच पणत्या घे आणि त्याच्या हाताला येणार नाहीत इतक्या उंचीवर ठेव.

दुधाचे गॅलन, म्हणजे इथले ते दुधाचे मोठे प्लास्टिकचे कॅन, तर तुमच्याकडे आठवड्याला दोन रिकामे होत असतील. गरम साबणाच्या पाण्याने नीट विसळ, नाहीतर आंबूस वास येतो, आणि हे भूत मात्र खरंच पळवून लावतं. लेबल काढ, जाड काळ्या मार्करने पुढे मोठाले डोळे आणि उघडं तोंड काढ, मागून एक भोक पाडून दिव्यांच्या माळेचा थोडा भाग आत सरकव. एकाच माळेवर पाच-सहा गॅलन बसतात. तळाला मूठभर खडे टाक, नाहीतर वारा आला की भुतं शेजाऱ्याच्या अंगणात. चेहरे ओवीला काढू दे. माझे फार व्यवस्थित यायचे, चिरंजीवांनी काढलेले तिरळे जास्त भारी दिसले.

टांगायचं भूत मात्र तुझं तूच कर. त्यासाठी चीजक्लॉथ लागतं, म्हणजे आपलं चक्का बांधायचं विरळ कापड. थ्रिफ्टमधला जुना जाळीचा पडदाही चालतो. उंच बाटलीच्या तोंडावर फुगवलेला फुगा बसव, ते डोकं. तारेचा हँगर उलगडून बाटलीला गुंडाळ, दोन्ही टोकं पसरव, ते हात. खाली मेणकागद अंथर. मी तो विसरले होते, आणि माझं पहिलं भूत जेवणाच्या टेबलाला असं चिकटलं की कापून काढावं लागलं. मग कापड खळीत बुडवून, पिळून, या सांगाड्यावर टाकायचं आणि रात्रभर तसंच सोडायचं. सकाळी फुगा फोडला, बाटली नि तार काढून घेतली, की पोकळ भूत आपलं आपण उभं!

खळ म्हणजे तीच, आपण सुती साड्यांना करायचो ती. त्या वर्षी सासूबाई इथे होत्या. २०२४ ची गोष्ट, ३१ ऑक्टोबर आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली होती. सकाळी अभ्यंगस्नान, संध्याकाळी भुतं. आदल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात कापड बुडवत होते तर त्या दारात उभ्या. म्हणाल्या, "दारात प्रेतं टांगायची आणि त्यांच्याच पायाशी रांगोळी काढायची, चालू दे." मी गप्प. थोड्या वेळाने पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "पातळ झालीये. यात पदर उभा राहणार नाही." आणि कॉर्नस्टार्च घेऊन नवी खळ करायला बसल्या. ते भूत आमच्याकडचं सगळ्यात ताठ भूत आहे. फक्त ते छपराखालीच टांग. खळीच्या भुताला पाऊस लागला की त्याचं पोतेरं होतं.

अजून एक गंमत. दारातला एक दिवा बदलून अल्ट्राव्हायोलेटचा, ज्याला इथे ब्लॅकलाइट म्हणतात तो लाव. धुतलेले पांढरे सुती कपडे त्यात निळसर पेटल्यासारखे चमकतात. कारण डिटर्जंटमध्ये कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे घातलेलं असतं, आपल्या टिनोपॉलसारखं, ते हा न दिसणारा उजेड शोषून निळा करून परत फेकतं. म्हणून चीजक्लॉथ खळीत घालण्याआधी एकदा डिटर्जंटने धुऊन घे. टॉनिक वॉटरची बाटलीही अशीच निळी पेटते, त्यातल्या क्विनीनमुळे. काळ्या सुरयांच्या मध्ये एक ठेवून बघ.

बाकी किरकोळ. उरलेल्या नळ्यांवर डोळ्यांच्या आकाराची भोकं कापून, आत ग्लोस्टिक, म्हणजे मोडली की उजळणारी प्लास्टिकची कांडी, घालून झुडपात खोच. मात्र ती कांडी त्याच संध्याकाळी मोड, काही तासांत तिचा उजेड मंदावतो. कोळ्याच्या जाळ्यासाठी ती ताणायची कापूसजाळी बाहेरच्या झाडांवर लावू नकोस, तिच्यात पाखरं अडकतात. कचऱ्याची काळी पिशवी कापून चौकोन घे, घड्यावर घड्या घाल आणि शाळेत घोटीव कागदाची जाळी कापायचो तशी काप, खिडकीला आतून चिकटव. त्या गुलाबांच्या फ्रेमीत मी माझाच पासपोर्टचा फोटो मोठा करून, कृष्णधवल करून, डोळे काळे करून लावलाय. शेजारच्या मुलाने विचारलं, ही बाई कधी वारली?

भोपळा कोरायची घाई करू नकोस. कोरलेला भोपळा फार तर आठवडाभर तग धरतो, उबदार हवेत तेवढाही नाही. आमचा एका वर्षी दहा दिवस आधी कोरलेला स्वतःच्याच तोंडात कोसळला, वर चिलटं. दोन दिवस आधी कोरलास की झालं. ओवीला सांगायला एक गोष्ट देते. ही रीत आयर्लंडहून आली तेव्हा तिथे भोपळा नव्हताच, शेतातला सलगम कोरायचे. तिथल्या डोनेगल परगण्यातल्या अशा एका सलगमाची प्लास्टरची प्रतिकृती मेयो परगण्यातल्या त्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचा फोटो मात्र ओवीला झोपायच्या वेळी दाखवू नकोस. खोबणीतले डोळे, वेडेवाकडे दात, मलाच रात्री आठवतो. त्याच्यापुढे बारा फुटी सांगाडे म्हणजे खेळणी.

सगळं मांडून झालं की एका संध्याकाळी रस्ता ओलांडून पलीकडे जा आणि तिथून बघ. अर्ध्या वस्तू दिसणारच नाहीत. त्या काढून टाक, उरलेल्यांच्या मागे उजेड ठेव. पायऱ्या आणि वाट मात्र मोकळी सोड, पोरं लांब झगे घालून पळत येतात.

फोटो पाठव. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि हे पत्र वाचून दाखवलंस तर टेबलाचा किस्सा गाळ.

तुझीच,
अश्विनी

ता. क. : पोर्चमधला दिवा बंद ठेवू नकोस. बंद दिवा म्हणजे या घरी चॉकलेटं नाहीत, असा इथे अर्थ घेतात. पहिल्या वर्षी अंधार छान जमावा म्हणून मी तो घालवला, आणि आम्ही तिघं खिडकीत बसून बघतोय की पोरं झुडपातल्या डोळ्यांकडे बोटं दाखवत, खिदळत, सरळ पुढच्या घरी जाताहेत. तीन पिशव्या चॉकलेटं होती. ती डिसेंबरपर्यंत पुरली.