वॉर्मर मोजले, आईची खुर्ची राहिली

मा. संपादक,

नव्या नवजात अतिदक्षता कक्षाची कालची बातमी वाचली. वॉर्मर (बाळाला वरून ऊब देणारे उघडे पाळणे) किती, व्हेंटिलेटर किती, उद्‌घाटनाला कोण कोण आलं, सगळं आहे. ओली बाळंतीण बसणार कुठे, हे नाही. फोटोत दोन वॉर्मरच्या मधे एक स्टीलचं स्टूल दिसतं, तेवढंच.

सिझेरियनचे टाके घेऊन, पाठ न टेकता त्या स्टुलावर वीस मिनिटं काढणंही कठीण. कांगारू केअरची, म्हणजे बाळ उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून ठेवण्याची, एक बैठक निदान तासाची हवी. बाळ वॉर्मरवरून छातीवर घ्यायचं तर एका सिस्टरने सीपॅपची (श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राची) नळी धरायची, दुसरीने बाळ उचलायचं. अंगावर फक्त टोपी, मोजे, लंगोट. मान एका बाजूला, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून कापड घट्ट बांधायचं. या हलवाहलवीतच कमी दिवसांचं बाळ दमतं. लगेच परत ठेवलं तर शीणच पदरी पडतो. म्हणून प्रत्येक बाळाशेजारी मागे कलणारी, हातांची खुर्ची लागते आणि तिची जागा नकाशातच सोडावी लागते. भिंतीत ऑक्सिजनचे पॉइंट एकदा बसले की वॉर्मर सरकत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून दिवसाला ८ ते २४ तास कांगारू केअर द्या म्हणते. २०२१च्या ज्या अभ्यासात जन्मल्याबरोबर ते सुरू केल्याने पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे पाव हिश्शाने घटले, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. तिथे आईची खाट कक्षाच्या आत होती!

दुधाचंही तेच. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पिळून काढलं तरच ते टिकतं. बाळ चौथ्या मजल्यावर आणि आई दुसऱ्या, की आधी रात्रीचं पिळणं सुटतं, मग दूध आटायला लागतं. १९८९ मध्ये शीवच्या रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी करणाऱ्या शहरात हे पुन्हा सांगावं लागतं, याचा संताप येतो.

वडिलांना दाराबाहेर ठेवतात, कारण आत इतर बायका पाजत असतात. प्रत्येक खाटेभोवती पडदा लावला की हे कारण उरत नाही. कांगारू बापही देऊ शकतो.

आणखी एक. फोटोखाली ‘काचेच्या पेटीतील बाळ’ छापलंय. ते उघडं वॉर्मर आहे. पेटी चारी बाजूंनी बंद असते. इथे बाळाला वरून काहीच आडोसा नाही आणि भोवती पाहुण्यांचा घोळका उभा आहे. तो आत सोडणं चूक होतं, तसा फोटो छापणंही.

— एक नवजात कक्ष परिचारिका, परळ