पपनसाचा सूर्य

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर बाबा "बरंय सगळं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई लगेच जेवलात का विचारते, म्हणून लिहितेय. पूर्ण वाचल्याशिवाय रागावू नका.

बाबांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतलीय मी, इथे पुण्यात, पुढच्या महिन्यातली. तुम्हाला न विचारता घेतली, माहितीये मला. पण विचारलं असतं तर आधी भातकापणी, मग आंब्याचा मोहोर, मग पाऊस, असं करत तीन वर्षं गेलीच ना.

झालं काय, तुम्ही पाठवलेलं पपनस कापायच्या आधीच चिनूने त्याचा सूर्य केला. शाळेत सूर्यमाला करून न्यायची होती, आणि मला बाबांनी छत्रीच्या काड्यांना टांगलेले ते नऊ ग्रह आठवले. म्हटलं या वेळी अंतरंही खरी घेऊ. 1 मीटर म्हणजे 1 कोटी किलोमीटर धरलं की सूर्य 14 सेंटिमीटरचा होतो, आणि पपनस मोजलं तर जवळपास तेवढंच भरलं! शुक्र आणि पृथ्वी म्हणजे राईचे दाणे, बुध-मंगळ खसखस, गुरू आईच्या डब्यातला सर्वात लहान सागरगोटा, शनी भिजवलेला काबुली चणा, युरेनस-नेपच्यून दोन मिरे. चंद्र तर बारीक रव्याचा कण, राईपासून जेमतेम 4 सेंटिमीटरवर. पृथ्वी 15 मीटरवर म्हणजे पार्किंगच्या पार टोकाला गेली, गुरू 78 मीटरवर गेटबाहेर, आणि नेपच्यून 450 मीटरवर, थेट मारुतीच्या देवळापाशी. मुलं गप्पच झाली, कारण पुस्तकातल्या चित्रात सगळे एका ओळीत खेटून बसलेले असतात. या मापात प्रकाश सेकंदाला 3 सेंटिमीटर सरकतो, म्हणून ओवी फरशीवर बोट सरकवत निघाली, सूर्यापासून पृथ्वीपर्यंत 8 मिनिटं 20 सेकंद, गुडघे काळे होईस्तोवर.

मग तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. चिनूने राई चिकटवलेला पांढरा कार्ड कॅमेऱ्यासमोर धरला आणि बाबा म्हणाले, "दिसतेय की, छान दिसतेय पृथ्वी." राई तोवर खाली पडली होती, बाबा. कार्ड कोरा होता. चिनूने माझ्याकडे बघितलं, बोलला काही नाही. रात्री मला झोप लागली नाही. ज्या माणसाने अंगणात खाटेवर झोपवून मला कृत्तिकेचे तारे एकेक मोजायला लावले, तो माणूस नातवाचं मन राखायला दिसतंय म्हणतो.

मुलीकडे किती दिवस राहायचं, हे मनात आणू नका. दादाशी बोलणं झालंय, आणि जावईच गाडी घेऊन न्यायला येणार आहेत. डॉक्टर म्हणाले, साधारण वीस मिनिटांचं काम, धूसर झालेलं भिंग काढून नवीन बसवतात, त्याच दिवशी घरी. आतली खोली तुमची, सकाळचं ऊन तिथेच येतं, बाथरूम लागून आहे, गरम पाणी दिवसभर. आई, देव घेऊन ये, कोनाडा रिकामा केलाय, आणि खाली जास्वंद आहे, सोसायटीत कोणी काही म्हणत नाही. साडेपाचचा चहा मी स्वतः करीन.

आता नीट ऐका. शुगरचा ताजा रिपोर्ट आणि बीपीच्या गोळ्या चिठ्ठीसकट आणायच्या. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. झाल्यावर डोळा चोळायचा नाही, वाकायचं नाही, डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून पाणी नाही. ड्रॉप्स वेळच्या वेळी आईच घालेल, बाबांनी "मी घातले" म्हणायचं नाही. आणि आई, तूही एकदा डोळे तपासून घ्यायचेत, तुझी सुई कोण ओवून देतं ते मला कळलंय.

बाबा, मी चुकीचं केलं असेन तर इथे आल्यावर बोला मला, ऐकून घेईन. पण या. ओवी म्हणते ग्रह आठच, 2006 सालीच प्लूटोला काढलंय, आणि चिनू म्हणतो आजोबांच्या छत्रीला नऊ होते. प्लूटोचा कार्ड अजून लावलेला नाही, तो सरासरी 590 मीटरवर येतो, देवळाच्या पुढे. पायाला झेपेल तसं, मध्ये पारावर बसत जाऊ आपण.

माळ्यावरची छत्री घेऊन या. आणि पपनस पिकलं असेल तर अजून एक, पहिलं आता सुकायला लागलंय.

तुमची,
बेबी