सातव्या किलोमीटरच्या टेबलावरच्या नानांना

नाना, सप्रेम नमस्कार.

बक्षीस समारंभात सगळ्यांचे आभार मानून झाले, पाहुण्यांचे तर दोनदा. पाण्याच्या टेबलांचा उल्लेख काही माईकवर आला नाही. म्हणून आम्ही साठी ओलांडलेले धावणारे हे पत्र उघडच लिहितोय. तुम्ही आणि काकूंनी त्या निंबाच्या झाडाखाली नेमकं काय केलं, ते बाकीच्या टेबलवाल्यांनाही कळू दे. चैत्रातल्या दहा किलोमीटरच्या शर्यती खानदेशात काही थांबणार नाहीत.

आधी पाण्याच्या दोन पिंपांबद्दल. एकात प्यायचं पाणी, दुसऱ्यात अंगावर घ्यायचं, आणि बर्फाची लादी फक्त दुसऱ्यात. कारखान्याचा बर्फ पोटात जाऊ नये, एवढं साधं भान बऱ्याच ठिकाणी नसतं. शिवाय अंगावरच्या पाण्याला तुम्ही प्यायच्या पाण्याइतकाच मान दिलात. मुंबईच्या दमट हवेत भिजलेला बनियन तसाच चिकटून राहतो. आपल्या कोरड्या हवेत तो बघता बघता सुकतो आणि सुकताना अंगातली उष्णता ओढून नेतो. जळगाव-भुसावळला कूलर चालतो तो याच न्यायाने. वय झालं की घामाच्या ग्रंथी कमी घाम सोडतात, कातडीकडे रक्तही कमी येतं. आमचा कमी पडणारा घाम तुमच्या मगाने भरून काढला. काकू प्रत्येकाला पुढे वाकायला सांगून मानेवर आणि हातांवर पाणी घालत होत्या, तेही बरोबर. सरळ उभ्या माणसाच्या डोक्यावर मग उपडा केला की पाणी बुटात उतरतं आणि ओल्या मोज्यांनी उरलेल्या तीन किलोमीटरांत टाचेला फोड येतात.

सरबताचं प्रमाण तुम्ही पाटीवरच लिहिलं होतं: दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम साखर आणि पाच सपाट चमचे मीठ, लिंबू चवीपुरतं. म्हणजे लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घरगुती जलसंजीवनीचंच माप. इथे हमखास चुकतं ते चमच्यात. शीग लावून मीठ घातलं की उलटी होते, आणि ‘ताकद येईल’ म्हणून साखर भरमसाट घातली की पोटात कळ येते, प्यायलेलं पाणी आतड्यातच अडकतं. बाजारची पुडी वापरली तरी लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच गेली पाहिजे, ग्लासात अर्धी ओतून नव्हे. केळीचा मुलूख म्हणून सगळे केळी पुढे करतात; तुम्ही ती शेवटच्या रेषेपलीकडे पाठवलीत ते छान केलंत. घामातून मुख्यतः मीठ जातं, पोटॅशियम कमी. आणि रस्त्यावरची साल म्हाताऱ्या खुब्याला परवडत नाही.

कागदी कप अर्धाच भरायचा हेही पाहून घेण्यासारखं. साधारण दीडशे मिलिलिटर. तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या किलोमीटरला एकेक कप घेतला तर सव्वा-दीड तासाच्या धावण्याला बहुतेकांना पुरतं. आमच्या वयात तहान उशिरा लागते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पण भीतीपोटी साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळतो. लोक त्याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती आणखी बिघडते.

तुमची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तुमचे प्रश्न. ‘बरं वाटतंय ना?’ असं विचारलं की प्रत्येक जण हो म्हणतो. तुम्ही विचारत होता, ‘आप्पा, मागचं टेबल कुठे लागलं? किती किलोमीटर राहिले?’ नाव-गाव अर्धवट शुद्धीतही सांगता येतं, हे येत नाही. ज्यांच्या सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि उत्तर अडखळत होतं, त्यांना तुम्ही हाताला धरून बाकड्यावर बसवलंत, मनगटावरच्या घड्याळाकडे न बघता. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, मग घड्याळ खुशाल ‘सगळं ठीक’ दाखवतं. काही गोळ्या लघवी वाढवून पाणी काढतात. अशा गोळ्या असतील तर शर्यतीआधीच डॉक्टरांशी बोलायचं, मनाने बंद करायच्या नाहीत.

टेबलाखाली घडी घालून ठेवलेली ताडपत्री फार थोड्यांना दिसली. ऊन लागून कुणी बरळायला लागला, कोसळला, तर चौघांनी चार कोपरे उचलून तिची झोळी करायची, त्यात माणूस, बर्फ आणि पाणी, तोंड वर धरून. १०८ला फोन त्याच वेळी, पण गाडीची वाट बघत गार करणं थांबवायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात अंगातली उष्णता उतरली तर जीव वाचतो. बगलेतला थर्मामीटर अशा वेळी कमी दाखवतो, त्यावर विसंबू नये. तापाची गोळीही लागू पडत नाही, कारण हा ताप नव्हे. आणि गुडघ्यासाठी वेदनाशामक मागणाऱ्यांना तुम्ही सरळ नाही म्हणालात, तेही योग्यच. अंगातलं पाणी उतरलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात.

एक गाऱ्हाणं आयोजकांकडे आम्हीच मांडू: झेंडा पाहुण्यांसाठी खोळंबला. हळू धावणाराच रस्त्यावर सगळ्यात जास्त वेळ असतो, तेव्हा सुरुवातीच्या उशिराचं ऊन आमच्याच डोक्यावर येतं. पुढच्या वेळी उजाडता उजाडता सुटायचं, पाहुणे बक्षिसांना आले तरी चालतील.

दोन्ही पिंपं धुऊन, उपडी करून वाळवून ठेवली आहेत, शनिवारी टेम्पोने पोचतील. ताडपत्रीची एक कडी निघाली होती, ती बसवून घेतोय. काकूंना आमचा नमस्कार सांगा.

तुमचे,
साठीपुढचे धावणारे