वॉर्डात शिकणाऱ्या मनूला

दांडिया बाजार, बडोदे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर रडलीस, ते काही केल्या मनातून जात नाही. तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी केसीएलचं, म्हणजे त्या पोटॅशियम क्लोराइडच्या इंजेक्शनचं. सिस्टर म्हणाल्या, चार नंबरच्या पेशंटच्या सलाइनच्या बाटलीत एक ॲम्प्यूल घालून ये. तू म्हणालीस, भरते, पण तुम्ही एकदा बघा. त्यावर नातेवाइकांच्या देखत त्यांनी सुनावलं, ‘नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आलीस आणि एवढंही येत नाही?’ मनू, तू अगदी बरोबर वागलीस. दहा मिलीच्या त्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. पातळ न करता ते थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. टांगलेल्या बाटलीत घातलं आणि बाटली उलटसुलट करून नीट मिसळली नाही, तरी ते जड द्रावण खाली नळीच्या तोंडाशी साचतं आणि आधी तेच आत जातं. म्हणून हे औषध दोघींनी मिळून तपासायचं असतं. निवृत्तीला टेकलेल्या सिस्टरनेही तपासून घ्यायचं असतं. पुन्हा ओरडा बसला तरी पुन्हा हेच म्हण.

आता त्या सिस्टरबद्दल. माझं आयुष्य वॉर्डात गेलं, त्यामुळे त्यांची बाजूही मला दिसते. जनरल वॉर्डात सहा पेशंटांमागे एक नर्स असा निकष आहे. नाईटला एकटीच्या अंगावर किती पेशंट येतात ते तू रोज बघतेस. त्यात इंडेंट म्हणजे औषधं-सामान मागवणं, डॉक्टरांचा राउंड, ओव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवणं आणि वर तुमची बॅच. शिकवायचं म्हणून तिचे पेशंट कोणी कमी करत नाही, पगार वाढवत नाही. शिकवावं कसं, हे तिलाही बहुतेक कोणी शिकवलेलं नसतं. कागदावर तिच्या नावापुढे ‘प्रीसेप्टर’, म्हणजे वॉर्डात शिकवणारी, असं लिहिलं की वरच्यांचं काम संपलं! माझा खरा राग या वरच्यांवर आहे.

तरीही ताण आहे म्हणून अपमान चालेल, असं मी तुला कधीच सांगणार नाही. हात न धुता ड्रेसिंगच्या ट्रेला हात लावलास आणि त्या ओरडल्या, तर मान खाली घालून ऐक, ते पेशंटसाठी आहे. ‘तुला ॲडमिशन दिली कोणी’ या त्यांच्या वाक्यात पेशंटचं कुठे काय आहे? असं बोलणं खाऊन खाऊन मुली विचारायचंच सोडतात. मग बीपी न मोजता चार्टवर १२०/८० लिहून मोकळ्या होतात. मी हे पाहिलेलं आहे, आणि त्या चार्टवर विसंबून पुढचं औषध दिलं जातं, हेही पाहिलेलं आहे.

लॉगबुकाचं, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीचं, मात्र मला जास्त लागलं. रायल्स ट्यूब, नाकातून पोटात घालायची ती नळी, घालताना तू लांबून पाहिलीस आणि ‘केलं’ म्हणून सही मिळाली. सगळ्याच घेतात, म्हणालीस. घेत असतील. नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी पुरते, पण पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची, १०० टक्के भरून द्यावी लागते. भिंतीला टेकून भरलेल्या तासांनी हात तयार होत नाही. उद्या नोकरीत पहिल्याच नाईटला ती नळी श्वासनलिकेत गेली आणि तू त्यातून फीड, म्हणजे पातळ अन्न, सोडलंस तर? ट्यूटरना सांगून तिथे ‘पाहिलं’ अशी दुरुस्ती करून घे. मग प्रत्यक्ष घालायला माग. मागायचं ते राउंडच्या धांदलीत नको. ड्यूटीच्या सुरुवातीला, ओव्हर झाल्यावर विचार, ‘सिस्टर, आज मला हे तुमच्यासमोर करायचंय, कधी येऊ?’ वेळ त्यांनी ठरवली की बहुतेक जणी शिकवतात.

झाबुआच्या त्या बाईंना गोळ्या समजावताना स्पंजिंगला उशीर झाला, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. छोटा उदेपूरच्या राठवा बायका आमच्या वॉर्डात यायच्या. त्यांना सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून सांगावी लागे. डॉक्टरांनी लिहिलेलं घरी जाऊन घेतलंच गेलं नाही, तर आपल्या सगळ्या धावपळीचा उपयोग काय?

राहिला तो अपमान. तो गिळून बसू नकोस. तारीख, शिफ्ट, काय शब्द वापरले, समोर कोण होतं, त्याच दिवशी वहीत लिही. तुझ्या बॅचच्या आणखी दोघी-तिघींना असाच अनुभव आहे म्हणालीस, तर मिळून ट्यूटरकडे जा. सिस्टर वाईट आहेत असं सांगू नका. काय घडलं ते सांगा आणि दोन गोष्टी मागा: पेशंटसमोर बोलू नये, आणि पहिल्यांदा करायच्या प्रोसीजरला कोणीतरी शेजारी उभं असावं. दुसरी मागणी सोडायची नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. रामबागेत मामींकडे जाऊन ये, त्या वाट बघताहेत. ट्यूटर काय म्हणाल्या ते रविवारी फोनवर सांग. त्यांनी टोलवाटोलवी केली तर पुढच्याच आठवड्यात मी इंदूरला येते, आपण दोघी प्राचार्यांना भेटू. बाबांना मी सांगून ठेवते.

तुझी,
आई