मुरुडहून, सुमीस

मुरुड (ता. दापोली)
जानेवारी

प्रिय सुमे,

तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. उत्तर मुद्दाम रस्त्यात लिहायचं ठेवलं होतं. दोन गोष्टी तू थेट विचारल्यास: चांगली चाललेली नोकरी सोडून सायकलवर कोकण कशाला, आणि तेही एकटीनं कशाला? तिसरी विचारली नाहीस, पण शेवटच्या ओळींत ती आहेच. पेठच्या आश्रमशाळेतली शिकवायची नोकरी घ्यावी का, ही. तिच्याकडेही येते.

नोकरीत कुणाशी भांडण नव्हतं. बढती देऊ केली तेव्हा पुढची दहा वर्षं लख्ख दिसली आणि ती मला नको होती, एवढंच. हिशेबाचं काम मला आवडतं, एप्रिलपासून ते स्वतःचं करणार आहे. पण हे मनात कितीतरी दिवस नुसतं घोळत होतं. सुटलं ते आईच्या प्रश्नानं. माझं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "बरं, पण रात्री राहणार कुठे?"

तिनं सायकलीबद्दल विचारलं होतं. मी वही घेतली आणि मुक्काम लिहून काढले. रेवदंडा, दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी. प्रत्येक ठिकाणी घरगुती सोय शोधली, फोन करून घरातल्या बाईंशीच बोलले, सायकल आत ठेवता येईल का, रात्रीचं जेवण मिळेल का. मग मागच्या पानावर नोकरीचंही तसंच लिहिलं. वर्षाचा घरखर्च किती, तेवढा एफडीत आहे का, कंपनीचा आरोग्य विमा संपला की माझा स्वतःचा कधी सुरू होणार, पहिली कामं कोण देईल. उत्तरं लिहिता लिहिता भीती आटोक्यात आली. गेली नाही, सुमे, पण नेमकी कशाची वाटते ते कळलं.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडव्याला उतरले आणि दक्षिणेला लागले. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग नकाशावर सलग दिसतो, पण मोठी खाडी आली की रस्ता संपतो आणि फेरीबोटीची वाट बघायची. आगरदांडा ते दिघी झालं, बागमांडला ते वेसवी झालं, आता दाभोळ ते धोपावे, पुढे तवसाळ ते जयगड. आणि किनारा म्हणजे सपाट रस्ता असं मुळीच नाही. गाव खाली माडा-पोफळीत, तिथून उभा चढ, वर जांभ्याचा उघडा सडा, की पुन्हा थेट खाडीपर्यंत उतार. दिवसभर हेच. सर्वांत हलका गिअर टाकला की वेग चालण्याइतकाच उरतो. मग गडग्यापलीकडच्या कलमांचा मोहोर नुसता दिसत नाही, त्याचा वास श्वासाबरोबर आत जातो. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, थंडगार. ऊन चढलं की समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो बराचसा वायव्येचा, म्हणून उत्तरेकडून खाली येणंच बरं.

काल हर्णैला मासळीचा लिलाव पाहिला. होड्या लांब पाण्यात उभ्या. बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत आत शिरतात, टोपल्या भरून घेतात आणि वाळूवर परततात. बैलांच्या पोटाला लाटा लागतात, तरी ते जागचे हलत नाहीत. वाळूवर कोळणींचा घोळका, भावाचा कल्ला, मागे सुवर्णदुर्ग. मी सायकल धरून बराच वेळ उभी होते. सोबत चौघं असती तर कुणाला चहा हवा असता, कुणाला पुढच्या गावाची घाई. थांबायचं कधी आणि निघायचं कधी हे मला कुणाशी ठरवावं लागत नाही, म्हणून मी एकटी. त्यातही नियम आहेत. अंधाराआधी मुक्काम गाठायचा, पोहोचल्यावर आईला फोन, आणि उद्या कुठे असेन हे तिच्याशिवाय कुणालाही सांगायचं नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये विशीतच सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. तिच्याबद्दल वाचलं तेव्हाच ठरवलं होतं, निदान आपला किनारा तरी एकटीनं पाहायचा.

आणि हे मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. शाळेच्या परीक्षेसाठी ते इथून साताऱ्याला, शंभराहून जास्त मैल, चालत गेले. तिथं वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. मला मात्र पुढची गोष्ट जास्त लागते. या गावासाठी त्यांनी मुरुड फंड उभा केला, आणि 1893 मध्ये विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा याच गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. आज सकाळी त्यांच्या स्मारकापाशी गेले होते. गाव काय करील याचा अंदाज त्यांना नक्कीच असणार. तो धरूनच त्यांनी लग्न केलं, आणि तीन वर्षांत विधवांसाठी संस्थाही काढली.

सासरचे नाराज होतील असं तू लिहिलंस. होतील. वहीत पहिल्या ओळीवर तसंच लिही आणि खाली ये. पेठला राहायची खोली कुणाची, पगार वेळेवर होतो का, चिनूच्या दहावीच्या वर्षी कोण घरी असेल, शनिवारी नाशिकला यायला शेवटची एसटी किती वाजता. जूनच्या आधी काही दिवस तिथं राहून बघता येईल का, हे मुख्याध्यापकांना आत्ताच विचार. वीस वर्षं तू मुलांना शिकवायचं म्हणते आहेस, सुमे, आणि तुला ते येतं. आपल्या हॉस्टेलवरच्या अर्ध्या मुली तुझ्यामुळे गणितात पास झाल्या.

मालवणला मी थोडी जास्त थांबणार आहे. मुंबईहून कोकण रेल्वेनं कुडाळला ये, पुढे एसटी आहे. वही घेऊन ये. सकाळी होडीनं सिंधुदुर्ग बघू आणि दुपारी एकेक ओळ घेऊन बसू. यायचं नक्की झालं की आईला कळव, ती मला सांगेल.

तुझी,
मंदा