मीटरखोलीतल्या थिंबलकडे लक्ष द्या

महोदय,

इमारतीच्या मीटरखोलीत आग लागली की बातमीत ‘शॉर्टसर्किट’ एवढेच कारण येते. मी ३० वर्षे फ्रिक्शन वेल्डिंगच्या, म्हणजे घर्षणाने धातू जोडायच्या मशिनवर काम केले आहे. अशा वेळी मला आधी तिथले सांधे आठवतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पॅनेलमध्ये जळका वास येऊ लागला. उघडून पाहिले, तर ॲल्युमिनियमच्या केबलची ॲल्युमिनियमचीच थिंबल (केबलच्या टोकाला बसवून बोल्टने आवळायचा तुकडा) थेट तांब्याच्या बसबारवर, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीवर आवळलेली. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्याच्या सुमारे १.४ पट फुगते. लोड रोज चढतो-उतरतो, तसा बोल्टचा दाब कमी होत जातो. त्यात ओल शिरली की दोन धातूंच्या जोडीत ॲल्युमिनियमच गंजते, सांधा आणखी तापतो.

यावर बायमेटल थिंबल हा जुना, खात्रीचा उपाय आहे. तिचा केबलकडचा भाग ॲल्युमिनियमचा, बोल्टकडचा तांब्याचा आणि मधला जोड फ्रिक्शन वेल्डिंगचा. एक तुकडा वेगाने फिरवायचा, दुसरा त्यावर दाबायचा. काही सेकंदांत घर्षणाने धातू मऊ होतो, ऑक्साइडचा थर कडेने बाहेर फेकला जातो. मग फिरणे थांबवून दाब वाढवायचा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तांबे १०८५ला, पण दोघे एकत्र आले की ५४८ अंशांनाच वितळू लागतात. म्हणून सगळी करामत उष्णता आवरण्यात आहे. ती जास्त झाली की सांध्यात दोन्ही धातूंच्या संयुगाचा थर जाड होतो, आणि तो काचेसारखा ठिसूळ असतो. वरून जोड सुरेख दिसतो, वाकवला की कट्कन तुटतो. चांगला जोड ओढून तोडला तर ॲल्युमिनियम तुटते, सांधा शाबूत राहतो. आमच्या खात्यात पाळी सुरू होताना पहिला तुकडा वाकवून पाहिल्याशिवाय माल पुढे जात नसे, आणि ते मला आजही योग्य वाटते.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. पॅनेलच्या कामाचे कोटेशन घेताना त्यात ‘बायमेटल थिंबल’ लिहून घ्या आणि मालाचा टेस्ट रिपोर्ट मागा. नुसत्या रंगावर जाऊ नका, तांब्याचा मुलामाही तसाच दिसतो. वायरमनकडून एका थिंबलची बोल्टकडची कड कानशीने घासून घ्या. आत पांढरे दिसले तर माल परत करा. आमच्या पॅनेलमधल्या सगळ्या थिंबल आता बदलल्या आहेत.

– एक निवृत्त फोरमन, भोसरी, पुणे